सकाळवाल्या आणि दुपारवाले

आमच्या सासूबाईंना बुटांच्या दुकानात नेण्यात काही अर्थ नाही. बूट कसा आहे, चावतो का, किती टिकेल, यातलं त्या काहीएक बघत नाहीत. दुकानदार खोक्यातून बूट बाहेर काढतो न काढतो तोच या रिकामं खोकं उचलतात, उलटं करतात आणि कडेच्या जोडावरून अंगठ्याचं नख फिरवतात. जोड पक्का असला तर नुसतं "हं" म्हणतात. नसला तर खोकं दुकानदाराच्या नाकासमोर धरून विचारतात, "हे कुठून घेता तुम्ही?" तो बिचारा बुटांचं कौतुक सांगायला तोंड उघडून बसलेला असतो. आमचे हे, म्हणजे त्यांचे चिरंजीव, एका पायात नवा आणि एका पायात जुना बूट घालून उभे असतात आणि मी आपली दुसरीकडेच बघत असते.

सासूबाई पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात कामाला आहेत. मी या घरात आले तेव्हाही होत्या आणि आजही आहेत. मध्ये काही आठवडे मात्र त्या काम सोडतात की काय अशी पाळी आली होती. त्याचीच ही हकिकत.

कारखान्यात त्या गेल्या त्या काही हौसेने नव्हे. सासऱ्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. किल्लीची घड्याळं गेली, सेलची आली, आणि ती इतकी स्वस्त झाली की बिघडलं तर दुरुस्त करण्यापेक्षा नवं घेतलेलं बरं पडायला लागलं. सासरे दिवसभर गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे आणि दुकानातली झाडून सगळी घड्याळं अगदी बरोबर वेळ दाखवायची. शेवटी सासूबाईच एक दिवस उठल्या आणि कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या. आधी गठ्ठे बांधायचं काम मिळालं, मग कापलेल्या पुठ्ठ्यांच्या कडा साफ करायचं, आणि केव्हातरी त्या डिंकाच्या मशीनवर आल्या त्या तिथल्याच झाल्या. पुढे सासरे गेले, दुकान गेलं, मुलाचा संसार सुरू झाला. मशीन तेवढं तेच राहिलं.

हे मशीन मी पाहिलंय. एका टोकाने कापलेला पुठ्ठा आत जातो, त्याला घड्या पडतात, कडेला डिंकाचा पट्टा लागतो आणि दुसऱ्या टोकाने चपटं खोकं बाहेर येतं. डिंक किती लागावा हे ठरवायला बाजूला बशीएवढं एक लोखंडी चाक आहे. चाक सैल केलं की डिंक जास्त येतो, घट्ट केलं की कमी. जास्त झाला तर खोकी एकमेकांना चिकटून बसतात, कमी पडला तर जोड उकलतो. चाकावर खुणा, आकडे काही नाही. सगळं हाताच्या अंदाजाने चालतं.

मशीन एक आणि माणसं दोन. सकाळच्या पाळीला सासूबाई, दुपारच्या पाळीला एक गृहस्थ. सासूबाई त्यांना कधीच नावाने हाक मारत नाहीत, "दुपारवाले" म्हणतात. ते यांना "सकाळवाल्या बाई" म्हणतात. इतकी वर्षं एकाच मशीनवर काम करून दोघांनी पुऱ्या दिवसाची ओळख कधी केली नाही. ओळख होती ती दोन पाळ्यांच्या मधल्या दहा मिनिटांची. सासूबाईंची पाळी संपायच्या आधीच दुपारवाले येऊन बाजूला उभे राहायचे. मशीन चालूच असायचं. तेव्हाचा डिंक सकाळच्या गारव्यात घट्ट व्हायचा आणि दुपारी छपराचे पत्रे तापले की पातळ व्हायचा. म्हणून सकाळी चाक सैल लागायचं आणि दुपारी घट्ट. तर जाता जाता सासूबाई चाक अर्धा फेरा आवळायच्या, दुपारवाले बाहेर पडणाऱ्या खोक्याकडे बघत "बस" म्हणायचे की सोडून द्यायच्या. संध्याकाळी मशीन बंद करताना दुपारवाले तेच चाक अर्धा फेरा सैल करून ठेवायचे, सकाळी सकाळवाल्या बाईंना आल्या आल्या झटापट नको म्हणून. आपलं काम उरकलं, आता दुसऱ्याचं तो बघून घेईल, असं दोघांनी कधी केलं नाही. मशीन सोडताना ते येणाऱ्याच्या हाताला लावून सोडायचं.

पण चाक आवळायला कितीसा वेळ लागतो? उरलेला वेळ गप्पांचा. आमच्या घरी जेवताना पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "दुपारवाले म्हणत होते..." त्यातून मला दुपारवाल्यांचा गुडघा माहीत झाला, त्यांच्या जिन्याची निखळलेली पायरी माहीत झाली, खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात लावलेलं आणि कधीच न फळणारं लिंबाचं झाड माहीत झालं. त्यांची बायको त्या झाडाला उपटून टाकायची धमकी देते हेही माहीत झालं. माणूस पाहिलेला नाही आणि त्याच्या घरातला कोपरान्‌कोपरा पाठ, अशी माझी गत. सासूबाई कामावरून दमून यायच्या, पण चिडून आलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. त्याचं कारण ही दहा मिनिटं होती हे मला तेव्हा कळलं नाही. ती गेली तेव्हा कळलं.

मंदी आली ती मला टीव्हीवरून नाही, केसांवरून कळली. आमच्या पुढच्या खोलीत माझं केस कापायचं दुकान आहे. एक आरसा, एक फिरती खुर्ची, आणि वाट बघणाऱ्या बायकांसाठी एक बाक. चांगले दिवस असले की बायका म्हणतात, "टोकं तेवढी सारखी कर." दिवस वाईट आले की म्हणतात, "चांगले आखूड काप, लवकर यायला नको." त्या वर्षी सगळ्याच आखूड कापायला लागल्या. तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, काहीतरी बिघडलंय. हे लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणाले, लिफ्ट तर चालू आहेत. या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा नाही.

लोकांनी नवे बूट घेणं कमी केलं. बूटवाल्यांनी खोकी मागवणं कमी केलं. खोकेवाल्या मालकाने वरून हुकूम सोडला की खर्च कमी करा. आणि नवीन आलेल्या तरुण मॅनेजरने ज्या गोष्टी हाताला लागल्या त्या कमी केल्या. कॅन्टीनचा दुपारचा चहा गेला. अर्धे पंखे गेले. डिंक बदलला, जरा स्वस्तातला, निळ्या पिंपांतला आला. आणि ती दहा मिनिटं गेली. दोन पाळ्यांची माणसं एकाच वेळी आत असली की दोघांच्याही वेळेचे पैसे जातात, असा हिशेब. आता पहिली पाळी मागच्या फाटकाने बाहेर पडल्यावर मगच पुढचं फाटक उघडायचं. त्यात कुणीतरी आवई उठवली की हे असंच चाललं तर दोनातली एक पाळी बंद करणार.

पहिल्या आठवड्यात सासूबाई नुसत्या गप्प होत्या. दुसऱ्या आठवड्यात जेवताना म्हणाल्या, "दुपारवाल्यांनी चाक जरा जास्तच सैल सोडलं होतं आज. पहिला गठ्ठा सगळा चिकटून बसला."

मी म्हटलं, "होतं एखाद्या वेळेस, आई."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज सकाळी मशीन सुरू केलं की डिंक बदाबदा. चाक आवळून जागेवर आणेपर्यंत पुठ्ठा वाया. वाया गेलेला पुठ्ठा मॅनेजर रोज बघणार आणि त्या त्या पाळीच्या नावावर टाकणार. हळूहळू जेवतानाचं वाक्य बदललं. "दुपारवाले म्हणत होते" गेलं आणि "दुपारवाल्यांनी आज पुन्हा" आलं. मग तेही गेलं. त्यांचं नावच निघेना.

एक दिवस मात्र त्या बोलल्या. भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. "एक पाळी बंद होणार म्हणतात. कुणाचा पुठ्ठा जास्त वाया जातो ते बघून ठरवणार असतील. माणूस पोटासाठी काय वाटेल ते करतो ग. पण इतकी वर्षं बरोबर काढल्यावर असं करावं?" आवाज साधाच होता. पण ताटली घासायची थांबली होती.

मी मुळात तापट आहे, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझं पित्त खवळलं. पण त्यांनीच मला गप्प केलं. म्हणाल्या, तू मध्ये पडू नकोस.

मग त्यांनी तब्येतीचं निमित्त करून थोडी रजा घेतली. आणि माझ्या दुकानात येऊन बाकावर बसल्या.

ते दिवस मी विसरणार नाही. बँकेतल्या बाई माझं जुनं गिऱ्हाईक. त्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "या वेळी कानाच्या वर घे." मी कात्री उचलते तोच मागून सासूबाई म्हणाल्या, "कान झाकलेलेच बरे तुझे." बँकेतल्या बाईंनी आरशात आधी स्वतःच्या कानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. केस न कापता त्या उठून गेल्या. त्यांच्यानंतर एक कॉलेजातली मुलगी आली. तिला सासूबाईंनी विचारलं की हे असे रंगवलेले केस तुझ्या आईला चालतात का. ती मुलगीही गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या बाटल्या उंचीप्रमाणे लावून झाल्या होत्या, कात्र्या कुठे गेल्या ते सापडत नव्हतं, आणि आरशावर लिहून लावलेला माझा दर "फार आहे" असं ठरलं होतं.

खरं सांगते, ही बाई कायमची घरी राहिली तर माझं दुकान बसलं. माझ्या सासूबाईंवर माझा जीव आहे. पण त्यांचा जीव कारखान्यात असतो म्हणून तो आहे, हेही तितकंच खरं.

पण त्याच दिवसांत मी आणखी एक गोष्ट पाहिली. कारखान्याचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. दुपारी भोंगा झाला आणि सासूबाई चटकन उठल्या, चष्मा उचलला, आणि मग उभ्याच राहिल्या. कुठे जायचं नव्हतं. खाली बसल्या. माझ्या शाम्पूचं रिकामं खोकं तिथे पडलं होतं ते उचललं, चपटं केलं, पुन्हा उभं केलं, जोडावरून नख फिरवलं. मग पुन्हा चपटं केलं. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मला त्यांचं हसू आलं नाही. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

शनिवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "सोमवारी जाऊन मॅनेजरला सांगते. आता पुरे झालं काम."

हे म्हणाले, "तुला हवं तसं कर, आई." आणि भाजी वाढून घेतली.

रविवारी सकाळी मी पिशवी उचलली, सामान आणायला जाते म्हणून सांगितलं आणि सरळ दुपारवाल्यांच्या घराकडे निघाले. घर विचारावं लागलं नाही. सायकलच्या दुकानावरचा मजला, निळा दरवाजा, सगळं मला पाठ होतं. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होते. त्या माणसाला असं सुनवायचं की जन्मभर सकाळचं नाव काढणार नाही, एवढं नक्की केलं. जिना चढताना निखळलेली पायरी आली, ती मी बरोबर ओलांडली. रागातसुद्धा पाय कुठे ठेवायचा ते ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच आम्हाला सांगितलेलं होतं. याने मला जरा अवघडल्यासारखं झालं. पण मी दार वाजवलं.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी कोण ते सांगितलं. ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बरं झालं तुम्हीच आलात," ती म्हणाली, "नाहीतर मीच येणार होते. तुमच्या सासूबाईंना म्हणावं, आमच्या माणसाने तुमचं काय घोडं मारलंय?"

मी भांडायला गेले होते, माझ्याशी भांडायला कुणी तयार असेल असा विचारच केला नव्हता.

"त्या रजेवर जाईपर्यंत रोज दुपारी हे जायचे तर चाक हे असं आवळून ठेवलेलं," ती म्हणाली. "खोकी उघडी पडायची पटापट. वाया गेलेलं सगळं यांच्या नावावर. आपली पाळी टिकावी म्हणून दुसऱ्याला असं खड्ड्यात घालायचं? यांना जेवण जात नाही. उद्या जाऊन काम सोडतो म्हणतायत."

आतून आवाज आला, "अगं, त्यांना आत तर येऊ दे."

दुपारवाले खिडकीपाशी बसले होते. मी मनात उंच, आडदांड माणूस धरून चालले होते. प्रत्यक्षात बारीकसे, चष्मा कपाळावर चढवलेले, एक पाय समोर स्टुलावर ठेवलेले. गुडघा. शेजारी डब्यात लिंबाचं झाड. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सकाळवाल्या बाईंची तब्येत बरी आहे ना? रजेवर आहेत असं ऐकलं."

मी जुळवून नेलेलं सगळं भाषण तिथेच विरलं. तरी बळ धरून म्हटलं, "तब्येतीला काय झालंय त्यांच्या. तुम्ही रोज चाक सैल करून जाता त्याने ही वेळ आली."

"सैल तर करूनच जातो की," ते म्हणाले. "त्यांच्यासाठीच. सकाळी गारवा असतो, डिंक घट्ट होतो. पहिल्यापासून तसंच करतो. आता भेटणं नाही, बोलणं नाही, निदान तेवढं तरी करावं म्हणून आठवणीने करतो. त्यांनी मात्र ..." ते थांबले. चांगल्या माणसाला तक्रारसुद्धा नीट करता येत नाही.

"अहो, त्या पण तुमच्यासाठीच आवळून ठेवतात," मी म्हटलं. "दुपारी डिंक पातळ होतो म्हणून. राग आला तरी तेवढं चुकवत नाहीत. रजेवर जायच्या आधी म्हणाल्या, त्यांनी कसंही वागावं, मी माझ्याकडून मशीन लावूनच देणार."

दुपारवाल्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. स्टुलावरचा पाय खाली घेतला. मग विचारलं, "सकाळी त्यांना चाक कुठे आणावं लागतं? अर्धा फेरा आवळावं लागतं का?"

"ते मला काय ठाऊक. मी केस कापते," मी म्हटलं.

ते उठले. गुडघ्यावर हात दाबून उठले, चपला घातल्या आणि बायकोला म्हणाले, "मी जाऊन येतो." बायको म्हणाली, "एकटे नाही जायचं," आणि तीही निघाली. आम्ही तिघं रस्त्याने निघालो. एकमेकांवर रागावलेलो होतो पण का ते कुणाला सांगता येत नव्हतं. माझी पिशवी रिकामीच होती.

सासूबाई दारात आल्या, दुपारवाल्यांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. या म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. दुपारवाले माझ्या गिऱ्हाइकांच्या बाकापाशी उभे राहिले आणि नमस्कार नाही, चौकशी नाही, एकदम विचारलं, "बाई, नवा डिंक आल्यापासून सकाळी चाक कुठे बसतं तुमचं?"

सासूबाईंनी हवेत हात धरला. चाक धरावं तसा. आणि जरासा फिरवला. "एवढं."

दुपारवाल्यांनीही हात पुढे केला, तसाच धरला, फिरवला. "माझंही एवढंच," ते म्हणाले. "दुपारी, पत्रे तापलेले असताना."

दोघं तसेच हवेत हात धरून उभे. आरशात दोघांचीही पाठ दिसत होती. सासूबाईंना माझ्याआधी कळलं. त्यांचा हात हळूच खाली आला.

"म्हणजे तो डिंक तापला तरी पातळ होत नाही," त्या म्हणाल्या.

"आणि गारव्याने घट्टही होत नाही," दुपारवाले म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ सारखाच. चाकाला हातच लावायला नको होता."

"आणि मी रोज तुमच्यासाठी आवळत बसले."

"आणि मी तुमच्यासाठी सैल करत बसलो."

दुपारवाल्यांची बायको मध्येच म्हणाली, "मग हे एकमेकांना सांगायचं नाही का?"

"सांगायला भेटायला नको का?" सासूबाई म्हणाल्या.

मग सासूबाई खुर्चीत, माझ्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत, धपकन बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. म्हणाल्या, "तुमच्याबद्दल नाही नाही ते मनात आणलं हो मी." दुपारवाले म्हणाले, "मी काय कमी आणलंय." दोन म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांपुढे इतक्या सरळपणे मान खाली घातलेली मी पहिल्यांदा पाहिली. माझा जीव भांड्यात पडला. दुकानासाठी पडला हे मी नाकारत नाही, पण फक्त दुकानासाठी नाही. खूप दिवस कुणीतरी छातीवर हात दाबून ठेवलेला असावा आणि तो काढून घ्यावा तसं मोकळं वाटलं. आत जाऊन चहा टाकला. साखर दोनदा घातली असणार, कारण सगळ्यांनी तोंडं वाकडी केली आणि सगळ्यांनी प्यायला.

चहा पिऊन होईपर्यंत गुडघा निघाला, पायरी निघाली. दुपारवाल्यांच्या बायकोने जाताना खुर्चीकडे बघत मला विचारलं, केसांची टोकं सारखी करशील का एकदा. टोकं, आखूड नव्हे. मी म्हटलं, आत्ताच बसा.

सोमवारी दुपारवाले सकाळीच कारखान्यात गेले, सासूबाईंबरोबर. मॅनेजरपुढे दोघांनी सगळं सांगितलं. मला वाटत होतं तो ओरडेल, किंवा यांच्यावर हसेल. सासूबाई म्हणाल्या, तसं काही झालं नाही. तो पोरगा हातात डोकं धरून ऐकत होता. मशीनसाठी त्याने मिस्त्रीला बोलावलं होतं, मिस्त्री नुसतं तेल घालून गेला होता. डिंकवाल्याशी भांडण केलं होतं. वरून रोज बोलणी खात होता आणि एक पाळी बंद करायचा कागद त्याच्या टेबलावर येऊन पडला होता. त्याने शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे मी वाचवलेली ती दहा मिनिटं..." आणि वाक्य पुरं केलं नाही. सासूबाईंना त्याची कीव आली. घरी येऊन म्हणाल्या, वरच्यांच्या आणि आमच्या मध्ये चेपलंय बिचाऱ्याला, त्याला तरी कोण दहा मिनिटं देतंय.

त्याच आठवड्यात दोन्ही फाटकं पूर्वीसारखी उघडली. वाया जाणारा पुठ्ठा कमी झाला. पाळी बंद करायचा विषय मागे पडला. सध्यापुरता, असं मॅनेजर बजावून म्हणाला. दुपारचा चहा काही परत आला नाही, पंखेही अर्धेच आहेत. बूट घेणारे अजून कमीच आहेत आणि माझ्याकडे येणाऱ्या बायका अजून आखूडच कापायला सांगतात. जग काही सुधारलं नाही. पण सासूबाई सकाळी डबा घेऊन निघाल्या की मी खिडकीतून त्या वळेपर्यंत बघते आणि मग माझ्या बाटल्या मला हव्या तशा लावते.

परवा त्या चष्मा विसरून गेल्या. दुपारच्या भोंग्याच्या सुमारास मी तो द्यायला कारखान्यात गेले. मॅनेजरच मला आत घेऊन गेला. डिंकाच्या मशीनपाशी दोघं उभे होते, सकाळवाल्या आणि दुपारवाले. खोकी एकामागून एक बाहेर पडत होती. दोघांची तोंडं खोक्यांकडे, आणि चाकाला कुणाचाच हात नव्हता. लावायचं कारणच नव्हतं आता.

मी मॅनेजरला हळूच म्हटलं, "आता चाक फिरवायचं नसतं ना? मग वरून कुणी विचारलं, ही दहा मिनिटं कशाला, तर?"

"विचारलं होतं," तो म्हणाला. "मी सांगितलं, त्या मशीनचं चाक फार नाजूक आहे. बसवायला दोन माणसं लागतात."

तेवढ्यात सासूबाईंनी मला पाहिलं. चष्म्यासाठी हातसुद्धा पुढे केला नाही. जेवणापर्यंत थांबायचा त्यांना धीर नव्हता.

"अगं," त्या तिथूनच म्हणाल्या, "यांच्या लिंबाला फूल आलंय."